तीन फांद्यांची खूण

कालगुर्ली
१९ एप्रिल २००९

नचिकेत,

आशीर्वाद आधी घे, कारण पुढे बोलणी आहेत.

काल तुझ्या फिजिओशी फोनवर बोलले. ती म्हणते, मुलगा हात खिशात घालून बसतो, व्यायाम करत नाही. मी इथला हाडांचा वॉर्ड दुसऱ्या डॉक्टरवर टाकून, अर्धा ऑस्ट्रेलिया ओलांडून मेलबर्नला आले, आठवडाभर तुझ्या उशाशी बसले, ते काय ट्राम बघायला? मनगटाची धमनी कापली होती, दोन बोटं वाकवणारी टेंडन्स तुटली होती. सर्जनने ती दोरा ओवावा तशी पुन्हा जोडली आहेत. आता बोटं हलवली नाहीत तर आतल्या आत चिकटून बसतील. मग सुरी धरणं राहू दे, भाताचा घासही धरता येणार नाही. इंजिनिअरिंग सोडून शेफ व्हायला निघालास तेव्हा तुझ्या बापाशी भांडले ती मी, त्यामुळे तुझ्या हाताची चिंता मला जास्त आहे.

तर औषध ऐक. दर थोड्या दिवसांनी मला एक पत्र लिहायचं. ईमेल नाही, कागदावर, उजव्या हाताने, आणि मराठीत. इंग्रजीत अक्षरं सुटी सुटी मारून पळता येतं. मराठीत शिरोरेषा ओढावी लागते, आणि ती सरळ ओढायची तर बोटं शेवटपर्यंत सारखी दाबून ठेवावी लागतात. तुझी शिरोरेषा बघून मला टेंडन कुठवर आलंय ते कळेल. लोक म्हणतील बाई उंटावरून शेळ्या हाकते. म्हणोत.

आणखी एक. सर्जन म्हणाला, अँब्युलन्स यायच्या आधी कुणीतरी तुझा हात वरून घट्ट आवळून बांधला होता. तो बांधला नसता तर मी तुझ्या उशाशी नाही, भलत्याच जागी बसले असते. कोण होता तो? साक्षीदाराचं नाव पोलीस आपण होऊन देत नाहीत, म्हणून मी सर्जनला लिहिलंय की त्या माणसाला विचारा, हरकत नसेल तर कळवा. सापडला की जाऊन त्याच्या पाया पडायचं. गोरा माणूस गोंधळेल. गोंधळू दे.

शैलाआत्या

---

ट्रुगानिना
३ मे २००९

आत्या,

हे पान लिहायला शनिवार-रविवार गेला. शिरोरेषा येत नाही. उभ्या आणि तिरक्या रेघा जमतात, आडवी ओढायला गेलो की पेन पडतं. वाच कसं वाचतेस ते.

हॉस्पिटलमध्ये तू विचारलं होतंस तेव्हा मी भिंतीकडे तोंड केलं होतं. आता सांगतो. मार्चमधली दुपार, चांगलं ऊन होतं. कॉलेजमधून येऊन स्टेशनच्या कार पार्कमधून चाललो होतो. काखेत सुऱ्यांचा रोल, म्हणजे सुऱ्या गुंडाळून न्यायचं कापड. तिघं होते. एकाने सिगरेट मागितली, नाही म्हटलं, तर 'करी' अशी शिवी घालून ढकललं. रोल ओढून उघडला. खंडेनवमीला मी सुऱ्यांची पूजा केली होती ना, तेव्हा रोलवर कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं, ते अजून गेलं नव्हतं. ते बघून हसले. मी रोल सोडला नाही, मूर्खपणा माझाच. माझीच हाडं काढायची सुरी माझ्याच मनगटात घातली. मग खाली पाडून डोक्यात लाथा. दात तुटला तो आवाज मला आतून ऐकू आला.

त्यानंतरचं तुकड्यातुकड्यांत आठवतं. गाडीचं चाक. डांबरावर माझंच रक्त, गरम. आणि एक हात. कुणीतरी माझ्या दंडावर गुडघा रोवून बसलंय आणि माझं मनगट पिळतंय, इतकं की मी ओरडलो. कुणाचाच चेहरा आठवत नाही, तो हात आठवतो. पालथ्या हातावर गोंदलेलं होतं: एक उभी रेघ आणि वरती दोन्ही बाजूंना एकेक तिरकी फांदी. हात वर करून उभा असलेला माणूस असावा तसं. खाली काढलंय बघ, एवढं मात्र माझ्या हाताला नीट जमलं.

ᛉ

पोलिसांना फोनवर सांगितलं. फोन घेणारा म्हणाला, अशी गोंदणं शेकड्यांनी असतात. माझ्याबरोबर राहणारा कुशल म्हणतो ही रून आहे, उत्तरेकडच्या जुन्या लोकांची लिपी. नेटवर दहा जण दहा अर्थ सांगतात. तुझ्याकडे तो जर्मन डॉक्टर आहे ना, त्याला विचार. खरं काय ते तू सांग, तुझ्यावर माझा विश्वास आहे.

नचिकेत

---

कालगुर्ली
१४ मे २००९

नचिकेत,

पत्र वाचून जेवण गेलं नाही. तरी आधी हात: उभ्या रेघा दाबून आल्यात, म्हणजे पहिलं बोट कामाला लागलं. दुसरं आळशी आहे. पिठाचा गोळा घे आणि मळत बस.

तुझं पत्र वेर्नरला दाखवलं. वेर्नर म्हणजे आमचा भूलतज्ज्ञ, दुसरं महायुद्ध संपता संपता जर्मनीत जन्मलेला. अक्षर बघून आधी म्हणाला, हा मुलगा सगळं पत्रच रूनमध्ये लिहितो की काय. रून लाकडावर कोरायचे, आडवी रेघ लाकडाच्या रेषांत हरवते, म्हणून त्यांत फक्त उभ्या आणि तिरक्या. मग त्याला खालची खूण दिसली. त्याने कागद पालथा करून टेबलावर ठेवला. म्हणाला, ही आमच्याकडे नाझींनी उचलली. त्यांच्या बिल्ल्यांवर होती, त्यांच्या थडग्यांवर होती. आता जे गोंदवतात ते गोऱ्या रक्ताचा माज असलेले. माझ्या बापाच्या कागदांत मी ही पाहिली आहे, असंही म्हणाला, आणि चहा न पिता उठून गेला.

तर हा अर्थ. मला शंका उरलेली नाही. तुझ्या रोलवरचं स्वस्तिक बघून ते का हसले तेही आता कळलं. गंमत बघ, हाच वेर्नर पहिल्या दिवाळीला माझ्या दारातली रांगोळी बघून पायरीवरच थबकला होता. अर्धा तास मी त्याला समजावलं, की बाबा, आमचं स्वस्तिक आमचं आहे, चोराने वापरलं म्हणून घरच्यांनी टाकून द्यायचं नसतं.

हे सगळं पोलिसांना कळव. कुशलला नको, त्याचं डोकं गरम आहे. पण तुला खरं सांगते, त्या गुडघ्याचं वाचलं आणि वाटलं, असल्यांचे हात मुळापासून तोडले पाहिजेत. आयुष्यभर तुटलेले हात जोडत आलेली बाई हे लिहिते आहे.

शैलाआत्या

---

ट्रुगानिना
८ जून २००९

आत्या,

शिरोरेषा बघ. ओढली की नाही? मध्ये एक-दोनदा घसरली, पण आली. काल कांदा कापला, हळूहळू का होईना.

तुझं ते हात तोडण्याचं वाक्य कुशलने फ्रिजवर लावलंय. मी त्याला पत्र दाखवलं, रागावू नकोस. या घरात लपवून काही राहत नाही. पाच मुलांच्या घरात चार्जर, मोजे आणि पट्टे सार्वजनिक असतात. हॉस्पिटलने कपड्यांची पिशवी दिली होती, त्यात जो पट्टा आला तोच मी लावतो, माझा की कुणाचा देव जाणे. इतका वाळलोय की तो कमरेवर राहीना, कुशलने सुरीच्या टोकाने नवं भोक पाडून दिलं. आईला सांगू नकोस.

इथलं तू टीव्हीवर बघत असशील. भारतीय मुलांवरच्या हल्ल्यांविरुद्ध शहरात निघालेल्या मोर्चाला आम्ही सगळे गेलो होतो. दुसऱ्याच आठवड्यात चंद्रहासला ट्रेनमध्ये बाटलीने मारलं, कानामागे टाके पडले. तू त्याला भेटली आहेस, तो चष्मेवाला, जो मुंगीलाही वाट देतो. डब्यात माणसं होती, सगळी खिडकीबाहेर बघत होती. आता आमच्यातले काही जण हॉकी स्टिक घेऊन स्टेशनवर थांबतात आणि मुलांना घरापर्यंत सोडतात. मीही जातो. आत्या, पहिल्यांदाच मला रात्री झोप लागते.

आणि तो सापडला. स्टेशनच्या पलीकडे टायरचं दुकान आहे. कुशल गाडीचं पंक्चर काढायला गेला, तर पैसे घेणाऱ्या हातावर तीच खूण. पन्नाशीचा, दांडगा, टक्कल पडलेला. मी रस्त्याच्या या बाजूने बघितलं. हात तोच आहे. इतके दिवस तो माझ्या रस्त्यावर टायर बदलत होता आणि मी खाली मान घालून जात होतो.

आम्ही फक्त बघून आलो. काळजी नको.

नचिकेत

---

कालगुर्ली
१३ जून २००९

नचिकेत,

फोनवर तू 'नो वरीज आत्या, पोलिसांना सांगतो' म्हणालास. तुझ्या वडिलांचाही आवाज खोटं बोलताना असाच गोड होतो. म्हणून लिहिते आहे.

पहिली गोष्ट, तुझ्यावर तिघं पोरं आली होती ना? मग त्यांच्यात हा पन्नाशीचा टकल्या कुठून आला? वीस-बावीसची पोरं असल्या उनाडक्या करायला बापाच्या वयाचा माणूस बरोबर नेत नाहीत. याचा विचार केलास का?

दुसरी. आमच्या वॉर्डची सिस्टर लीना सुट्टीवरून आली. नाव आपलं वाटतं, पण बाई डेन्मार्कची. तिला खूण दाखवली तर तिचा चेहराही बदलला नाही. म्हणाली, माझ्या आजीच्या दगडावर आहे. त्यांच्याकडे कुठे कुठे थडग्यावर जन्मतारखेच्या आधी ही सरळ काढतात आणि मृत्यूच्या तारखेआधी उलटी. काही जण रक्षणाची खूण म्हणून गळ्यात घालतात. त्याहून जुना अर्थ म्हणे दलदलीतल्या एका गवताचा, जे उपटायला जाणाऱ्याचाच हात कापतं. वेर्नर सांगतो तेही खरंच आहे, ती म्हणाली, पण ते शेवटच्या काही वर्षांचं. घरात चोर राहून गेला म्हणून घर चोराचं होत नाही.

हे वाक्य मी वेर्नरला माझ्या दारात उभं राहून ऐकवलं होतं, आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा मलाच सुचलं नाही. पेशंट न बघता, एका चित्रावरून, पोस्टाने मी निदान केलं. इंटर्नने असं केलं असतं तर त्याला मी वॉर्डबाहेर उभं केलं असतं.

माझं ते वाक्य फ्रिजवरून काढ. त्या दुकानाकडे फिरकू नकोस. पत्र मिळाल्याबरोबर फोन कर.

शैलाआत्या

---

ट्रुगानिना
१५ जून २००९

आत्या,

सगळं ठीक. बाथरूममध्ये घसरलो, हात थोडा दुखावलाय, म्हणून लहान पत्र. इथे थंडी खूप. फोनची बॅटरी गेली आहे. तू काळजी करू नकोस. शिफ्ट, कॉलेज, सगळं नीट चालू आहे.

नचिकेत

---

कालगुर्ली
२१ जून २००९

नचिकेत,

तुझं चार ओळींचं पत्र मी भिंगाखाली धरून बघितलं.

घसरलेला माणूस तळहातावर पडतो. तळहात दुखावला तर पेन धरताच येत नाही, तू धरलं आहेस. तुझ्या उभ्या रेघा जाड आल्यात, म्हणजे मूठ सुजलेली आहे, बोटांची पेरं वाकत नाहीत. आणि शिरोरेषा, जी आठ तारखेला सरळ आली होती, ती एकाही शब्दावर नाही. दुसऱ्या बोटाचं टेंडन पुन्हा तुटलंय. ते असं तुटायला काय लागतं ते मला माहीत आहे. शनिवारी रात्री पब सुटल्यावर खाणीतली पोरं हेच घेऊन माझ्यासमोर बसतात आणि सगळी बाथरूममध्ये घसरलेली असतात.

तू कुणाला तरी मारलं आहेस.

मी तुझ्या बापाला अजून काही सांगितलेलं नाही. मला काय झालं ते लिही. खोटं लिहायचं असेल तर डाव्या हाताने लिही, म्हणजे मला निदान तुझा हात तरी वाचावा लागणार नाही.

आत्या

---

ट्रुगानिना
२७ जून २००९

आत्या,

तुझं रक्षण आणि थडग्यांचं पत्र मिळालं ते सगळं होऊन गेल्यावर. आधी मिळालं असतं तर थांबलो असतो का, ते मला सांगता येत नाही.

रविवारी दुपारी गेलो. दुकान बंद करत होता, मागच्या बाजूला एकटा टायर रचत होता. आम्ही चौघं. चंद्रहास आला नाही. म्हणाला, मला ज्यांनी मारलं ते असेच चौघं होते. कुशलने त्याला भित्रा म्हटलं, मीही म्हटलं.

कुशलने मागून हॉकी स्टिक घातली, गुडघ्यांच्या मागे. तो खाली बसला, वळला, आणि त्याने मला पाहिलं. दोन्ही हात वर केले. दोन्ही हातांवर खूण होती आत्या. उजव्यावर सरळ, डाव्यावर उलटी. माझ्या मनगटाकडे बघून म्हणाला, 'हाऊज द हँड, मेट?'

तिथे माझं डोकं गेलं. ज्याने मोडला तोच विचारतो हात कसा आहे. मी मूठ आवळून तोंडात मारली. माझ्या मनगटात काहीतरी सुटल्याचं कळलं, दुखलं मात्र नाही. तो आडवा झाला, उठायला लागला, मी पुन्हा मारलं. डोळ्यावर बसलं. मग तिथे चाकाचे नट काढायचा पाना पडला होता तो घेतला. कुशलने त्याचा उजवा हात सिमेंटवर पसरून धरला आणि म्हणाला, आत्या काय म्हणाली? मी पाना खाली आणला. शेंगा फुटतात तसा आवाज झाला. मी थांबलो नाही. खूण दिसेनाशी होईपर्यंत थांबलो नाही.

तो ओरडत नव्हता. माझ्या कमरेकडे बघत होता. दुसऱ्या हाताचं बोट उचलून तिकडे दाखवत काहीतरी सांगत होता, पण तोंडात रक्त भरलं होतं आणि जबडा हलत नव्हता. मला वाटलं दया मागतोय. मला बरं वाटलं. खरं लिही म्हणालीस म्हणून लिहितो, त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

रेडिओवर सांगितलं, पोलीस भारतीय दिसणारी मुलं शोधताहेत. तो जिवंत आहे. तुझ्या लीनाचं सगळं मान्य, वयाचंही मान्य. पण माझं मनगट पिळणारा हात तोच होता. ते मी विसरणार नाही, कुणी काही म्हणो.

बाबांना सांगू नकोस.

नचिकेत

---

कालगुर्ली
२ जुलै २००९

नचिकेत,

हे एक्सप्रेस पोस्टने पाठवते आहे. फोनवर मला बोलता येणार नाही. बसून वाच.

एप्रिलमध्ये मी सर्जनला लिहिलं होतं, तुझा हात कुणी बांधला ते विचारा म्हणून. त्याचं उत्तर काल आलं. त्या माणसाने नाव द्यायला होकार दिलाय आणि माझ्यासाठी चिठ्ठीही दिली आहे. चिठ्ठीवर नऊ जून तारीख आहे. तू पत्रात 'तो सापडला' लिहिलंस त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

नाव वॉरन. टायरच्या दुकानात काम करतो.

त्याने लिहिलंय ते मी तुला मराठीत सांगते, तू ते हळू वाच. आरडाओरडा ऐकून तो दुकानातून पाना घेऊन धावला, तेव्हा ती तीन पोरं पळाली. तुझं रक्त उडत होतं. तू हातपाय झाडत होतास, म्हणून त्याने दंडावर गुडघा ठेवला. कमरेचा पट्टा काढून कोपराच्या वर बांधला, त्यात स्क्रू ड्रायव्हर घालून पिळला, आणि अँब्युलन्स येईपर्यंत तुझं मनगट दोन्ही हातांनी दाबून धरलं. त्याचा सतरा वर्षांचा मुलगा मोटरसायकलवरून पडून असाच रस्त्यात रक्त जाऊन गेला. भोवती माणसं होती, कुणाला काय करायचं ते ठाऊक नव्हतं. त्यानंतर तो फर्स्ट एड शिकला. त्याची आई डॅनिश. एका हातावर मुलाचा जन्म आहे, दुसऱ्यावर मरण.

आणि शेवटी लिहिलंय, पट्ट्याची काळजी करू नका, पोराला राहू दे. आणि विचारलंय, त्याचा हात कसा आहे.

नचिकेत, तुझ्या कमरेला काय आहे ते बघ.

चोर सोडून संन्याशाला सुळी देतात म्हणतात. आपण तर ज्याने जीव वाचवला त्यालाच दिलं, आणि तो सूळ मी इथे बसून घडवून पाठवला. मी सर्जनशी बोलले, वॉरन त्याच्याच हॉस्पिटलमध्ये आहे. डोळा गेला. जबड्यात तारा आहेत. उजव्या हाताची चार हाडं जोडता आली, बाकीची जोडण्यासारखी राहिली नाहीत. मी चौकशी केली, मला जमेल का ते विचारलं. ते म्हणाले, आता कुणालाच जमणार नाही.

मी अकरा तारखेला येते. तोवर घरात राहा. मग वकील घेऊन आपण पोलिसांकडे जाऊ. तुझा व्हिसा जाईल, तू तुरुंगात जाशील, ते मी थांबवू शकत नाही आणि थांबवणारही नाही. पण तू एकटा जाणार नाहीस. तुझ्याबरोबर मी माझं वाक्यही सांगेन. तुझ्या बापाला मी आज फोन करते.

तू माझा भाचा आहेस, हे यातल्या कशानेही बदलत नाही. बदललं असतं तर मला सोपं गेलं असतं.

आत्या

---

मेलबर्न, रिमांड सेंटर
१४ जुलै २००९

आत्या,

रविवारी काचेपलीकडे भेटलीस तेव्हा सांगायचं राहिलं. तू रागावली होतीस, अकरा तारखेपर्यंत का थांबला नाहीस म्हणून. तेवढंच सांगायला लिहितो, उजव्याच हाताने. शिरोरेषा शोधू नकोस.

तुझं पत्र सहा तारखेला आलं. मी स्वयंपाकघरात उभा राहून वाचलं, कमरेकडे बघायच्या ओळीपर्यंत. मग चंद्रहासने उरलेलं मोठ्याने वाचून दाखवलं, मला अक्षरं दिसेनात. कुशलने पत्र ओढून घेतलं, म्हणाला जाळून टाक, कुणाला काय कळतंय. मी फ्रिजवरचं तुझं वाक्य काढून खिशात घातलं. चंद्रहास माझ्याबरोबर चालत आला, अगदी पोलीस स्टेशनच्या पायरीपर्यंत. वाटेत ते टायरचं दुकान लागलं. शटर बंद होतं, कुणीतरी फुलं ठेवली होती.

आत मी सगळं सांगितलं. कुशलचं नावही सांगितलं. तुझं वाक्य दिलं नाही. वाक्य तुझं होतं, पाना माझ्या हातात होता, आणि तू माझ्या वाट्यातला वाटा उचलायला येणार हे मला नको होतं. म्हणून थांबलो नाही. तू तरीही परवा जाऊन जबाब दिलास, ते वकिलाने सांगितलं.

मग आत घेण्याआधी एक तरुण पोलीस म्हणाला, फोन, घड्याळ, बुटांच्या नाड्या, पट्टा, सगळं काढून ठेव. पट्ट्याचं बक्कल माझ्या हाताला सुटेना. त्यानेच पुढे होऊन सोडवलं, पिशवीत घातला आणि लिहायला लागला, एक तपकिरी पट्टा, तुझाच ना? मी नाही म्हटलं. कुणाचा, विचारलं. मी वॉरनचं नाव सांगितलं. त्याने पेन खाली ठेवलं. त्याला वाटलं असणार मी मारून झाल्यावर तोही काढून घेतला. मी ते तसंच राहू दिलं. माझ्याबद्दल त्याला काहीही वाटलं असतं तरी ते फार चुकलं नसतं.

तो पट्टा आता पुराव्यात आहे. खटला झाला की वॉरनला परत देतील म्हणे. कुशलने पाडलेलं भोक त्यात तसंच राहील.

इथला डॉक्टर म्हणतो, पुन्हा ऑपरेशन करून टेंडन जोडता येईल. मी अजून सही केलेली नाही. तू सांगशील कर, तर करीन. पण पुढच्या रविवारी येशील तेव्हा, आत्या, माझा हात कसा आहे ते विचारू नकोस.

नचिकेत